चारशेबत्तीसचा कोरा कोपरा

माझा आळस हल्ली नंबर घालून विकतात, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा चळला. पण झालंय तसंच. आमच्या फ्लिंट गावात माझ्या वयाच्या लोकांनी जन्मभर इंजिनं उचलली, जुळवली, कंबरा मोडून घेतल्या. त्यांचं कुणी नाव घेत नाही. आणि मी, लाइल पुकेट, ज्याने इंजिनाचा एक कोपरा न रंगवताच सोडून दिला, माझा फोटो मात्र गुळगुळीत कागदावर छापून येतो. फोटोत मी पोट आत घेतलंय. ते कळतं.

मोटारींच्या कारखान्यात मी लागलो अडुसष्ट सालच्या ऑगस्टमध्ये. वीस वर्षांचा होतो. पायाचे तळवे सपाट म्हणून सैन्याने परत पाठवलं होतं, आणि आर्कान्सामधल्या आमच्या गावात मला कापूस वेचायलासुद्धा कुणी बोलवत नव्हतं. इथे मला रंगाच्या खोलीत उभं केलं. चारशेबत्तीस हे इंजिन साखळीला टांगून समोर यायचं, माझ्या बाजूचा भाग स्प्रे गनने निळा करायचा, की झालं. दांडगं इंजिन होतं ते. एवढं मोठं की आधी इंजिन बनवलं आणि मग त्याच्याभोवती गाडी गुंडाळली, असं वाटावं. ते फक्त आमच्याच पाळीत निघायचं, आणि दोनच वर्षं निघालं. विशीत ज्यांना ती गाडी परवडली नाही, ते सगळे आता सत्तरीत तिच्यामागे लागलेत. त्यातला एक मीही आहे, पण मला अजूनही परवडत नाही.

तर कोपरा. इंजिनाच्या मागच्या अंगाला खाली, शेवटच्या एक्झॉस्ट नळीच्या पाठीशी, तळहाताएवढी जागा. तिथे रंग पोचवायचा तर खांबाला वळसा घालून दोन पावलं पलीकडे जावं लागे. दोन पावलं. मी गेलो नाही. गाडीत बसवल्यावर ती जागा कुणालाच दिसत नाही, मग कशाला तंगडतोड करायची, हा माझा हिशेब. कोरं लोखंड तसंच पुढे जायचं, आणि पुढच्या लोकांनाही घरी जायची घाई असायची.

आता आमच्या गाडीवेड्यांची एक खोड सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जुनी गाडी नवी करून मेळ्यात उभी केली की परीक्षक आरसा आणि बॅटरी घेऊन तिच्या पोटाखाली शिरतात. कारखान्यातून निघाली तेव्हा होती तश्शीच हवी. त्याहून चांगली असली तर गुण कापतात. रंग फार छान बसला, गुण गेले. म्हणून लोक रंगाचे ओघळ मुद्दाम काढतात. एक दातांचा डॉक्टर मी पाहिलाय, त्याने बारीक ब्रशने एक ओघळ काढायला आठवडा घातला होता. आणि चारशेबत्तीसचं अस्सलपण कशावरून ओळखायचं, तर मागच्या कोऱ्या कोपऱ्यावरून. कोपरा रंगवलेला दिसला की दहा गुण वजा.

माझा शेजारी वेंडल दरवर्षी हे दहा गुण गमावतो. त्याच्याकडे खरीखुरी गाडी आहे, आत मार्च एकोणसत्तरचं इंजिन. त्याचा कोपरा मात्र झक्क निळा. वेंडल शपथेवर सांगायचा की मी हातसुद्धा लावलेला नाही, असंच आलंय. परीक्षक हसायचे. एका वर्षी तर माझीच साक्ष काढली. मी ऐटीत वाकलो, आरशात पाहिलं आणि चारचौघांत म्हणालो, "वेंडल, लेका, खरं सांगून टाक. हा माझा हात नाही." तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नव्हता. गवत कापायचं माझं यंत्र त्याच्याकडे होतं, तेही त्याने परत केलं नाही.

पण ह्या कोपऱ्यात माझ्यापेक्षा माझ्या बायकोचा जीव अडकलेला होता, आणि घोळ तिथेच होता.

मार्लीन आमच्याच कारखान्यात होती. रंगाच्या खोलीपुढे तिचं टेबल. इंजिनाचं तोंड तिच्यासमोर आलं की ती त्यावर दोन अक्षरांची चिठ्ठी चिकटवायची आणि पिवळ्या मेणखडूने रेघ ओढायची. उंच, हाडकुळी, जाड चष्म्याची. तिच्या दोघी बहिणी देखण्या. घरात पाहुणे आले की मार्लीनच्या हातात कोट द्यायचे आणि बहिणींशी बोलायचे, असं तिनेच मला सांगितलंय. सत्तर साली आमचं लग्न झालं. युनियनच्या हॉलमध्ये जेवण चाललेलं असताना तिचा बाप उठला. तोही कारखान्यातलाच, जुना फोरमन. सगळ्यांसमोर म्हणाला, "हे आमचे जावई. इंजिनाची पाठ कोरी ठेवणारे ते हेच."

हॉलभर हशा. मी बिअर प्यालेलो. आणि माझ्या तोंडून गेलं, "काय करणार, समोर तुमची मुलगी बसलेली. तिच्याकडे बघता बघता हात चुकायचा."

माझ्या सासऱ्याने टाळी वाजवली. मार्लीनने चष्मा काढला आणि डोळे पुसले. त्या क्षणी, खरं सांगतो, मला वाटलं की आपण फार हुशार आहोत.

ती थाप मी पन्नास वर्षं वापरली. लग्नाच्या दर वाढदिवसाला, पोरीच्या लग्नात, चर्चच्या जेवणावळीत. मार्लीन मेळ्यात गेली की पर्समधून छोटा आरसा काढायची, अनोळखी माणसाच्या गाडीखाली वाकायची आणि कोरं लोखंड दाखवून म्हणायची, "हा माझा कोपरा." लोक तिला खुर्ची द्यायचे, लिंबू सरबत द्यायचे. जिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, तिच्यामुळे एका पोराचा हात चुकला, आणि त्याचा पुरावा देशभर गाड्यांच्या पोटात आहे. बाईमाणसाने याहून काय मागावं? मीही बघायचो आणि मान डोलवायचो. कपाळ माझं.

मग आली ही नवी कंपनी. जुने नकाशे मिळवून चारशेबत्तीस पुन्हा ओतायचं, फक्त तीनशे नग, प्रत्येकावर नंबरची पितळी पट्टी, तीनशेएकावं निघायचं नाही. आणि सगळं जुन्यासारखं, ओघळांसकट, माझ्या कोऱ्या कोपऱ्यासकट. पहिल्या नंबरचं इंजिन ऑगस्टच्या मेळ्यात, भर रस्त्यावर, माझ्या हातून रंगवून घ्यायचं ठरलं. मार्लीनने चिठ्ठी चिकटवायची. हे सगळं ठरवायला कंपनीचा एक माणूस घरी आला. कॉलिन हूक्स्ट्रा. तिशीचा, सभ्य, मोजे इस्त्री केलेले. त्याने आयुष्यात खोटं बोललेलं नसावं, आणि माझं दुर्दैव तेच.

मार्लीन ओव्हनमध्ये सफरचंदाचा पाय भाजत होती, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक जाडजूड वही उघडली. "मिस्टर पुकेट, देशात शिल्लक असलेली दोनशे बारा इंजिनं मी स्वतः पाहिली. प्रत्येकावर ओतल्याची तारीख असते. कोऱ्या कोपऱ्याचं सगळ्यात जुनं इंजिन हे बघा. अठरा सप्टेंबर अडुसष्ट."

मी म्हणालो, "छान."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मार्लीन कारखान्यात आली एकोणसत्तरच्या जानेवारीत. सप्टेंबरात ती फेंटन गावी बुटांच्या दुकानात होती.

"ही तारीख कुठे छापणार नाही ना?" मी हळूच विचारलं.

"प्रत्येक इंजिनाबरोबर पुस्तिका देतोय. तिच्यात सगळा तक्ता आहे."

"पोरा, तारखा कोण वाचतं? चित्रं टाका चित्रं."

"आमचं गिऱ्हाईक फक्त तारखाच वाचतं," तो म्हणाला, आणि ते खरंच आहे. मग त्याने पान उलटलं. "आणखी एक गोष्ट तुम्हाला विचारायची होती. मधली काही इंजिनं अशी आहेत की—"

"पाय झाला वाटतं," मी म्हणालो आणि वही मिटली. मला पुढचं काही ऐकायचं नव्हतं. अजून कुठली तारीख निघाली असती कोण जाणे.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मार्लीनला सांगून टाकावं असं रोज ठरवायचो. गॅरेजमध्ये जाऊन फ्रीजरसमोर उभं राहून सरावही केला. "मार्लीन, एक गंमत सांगायची राहिली." ही गंमत आहे? "मार्लीन, रागावू नकोस." असं म्हटलं की ती आधीच रागावते. शेवटी वेंडलला गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "म्हणजे मला चारचौघांत खोटा पाडणारा माणूस स्वतः पन्नास वर्षं बायकोला गंडवतोय. बरं वाटलं ऐकून."

"अरे, मी सल्ला मागतोय."

"सल्ला हाच की मेळ्याच्या दिवशी मी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसणार आहे."

आणि मार्लीन? तिने निळा ड्रेस शिवून घेतला, इंजिनाच्या रंगाचा. पिवळे मेणखडू तीन दुकानं हिंडून आणले. रात्री उशीवर डोकं टेकवताना म्हणाली, "लाइल, त्या दिवशी ती गोष्ट मीच सांगते हं. तू फार पाल्हाळ लावतोस." मी भिंतीकडे तोंड केलं आणि घोरायचं नाटक केलं. ते मला चांगलं जमतं.

मेळ्याचा दिवस आला. विटांच्या रस्त्यावर दोन्हीकडे गाड्या, सगळीकडे भाजलेल्या सॉसेजचा आणि जळक्या पेट्रोलचा वास. स्टेजवर कॉलिनने आमची जुनी रंगाची खोली उभी केली होती. कारखाना तर कधीच पाडला, आता तिथे गवत आहे. पण ह्या पोराने जुन्या नकाशावरून इंच न् इंच मोजून सगळं मांडलेलं. साखळी, आकडा, त्याला लटकलेलं पहिल्या नंबरचं इंजिन, पलीकडे मार्लीनचं टेबल, आणि मध्ये प्लायवूडचा तो खांब.

लोक जमेपर्यंत मार्लीन टेबलाशी बसून पुस्तिका चाळत होती. मी ती हिसकावून घ्यायला निघालो, पण सत्तरीत हिसकावणं जमत नाही. ती एका पानावर थांबली. चष्मा वर केला, खाली केला.

"लाइल."

"काय गं?"

"सप्टेंबर अडुसष्ट."

मी साखळीची कडी तपासायला लागलो.

"मी तर जानेवारीत आले." ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "सप्टेंबरात कोणाकडे बघत होतास?"

पहिल्या रांगेत वेंडल सॉसेज खायचा थांबला.

"कोणाकडेच नाही," मी म्हणालो. "देवाशपथ. खांबापलीकडे दोन पावलं जायचा कंटाळा यायचा. एवढंच. तुझ्या बापाने सगळ्यांसमोर टोचलं म्हणून मी ते बोललो. मग तू रडलीस. मग परत घेता आलं नाही."

"पन्नास वर्षं?"

"हो."

तिने पुस्तिका मिटली आणि टेबलाच्या कडेला लावून सरळ ठेवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी अनोळखी लोकांच्या गाड्यांखाली वाकत होते," ती म्हणाली. "पाठ दुखायची तरी वाकायचे. सगळ्यांना सांगायचे. आणि तू शेजारी उभा राहून हसायचास."

मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. सपाट तळव्यांसाठी सैन्याच्या डॉक्टरने हसून हाकललं तेव्हाही नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"जा," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत. कोरा ठेव तुझा कोपरा."

ती टेबलामागे जाऊन बसली. कॉलिनने माझ्या हातात स्प्रे गन दिली, माइकवरून काहीतरी गौरवाचं बोलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या जुन्या जागी उभा राहिलो आणि सुरू केलं. हात अजून चालतो. वरचं झाकण, बाजू, पुढचं तोंड. ओलं निळं चकाकायला लागलं. आणि रंगवता रंगवता मी मार्लीनकडे बघायला मान वळवली, अजून रागावलीय का, रडतेय का. मार्लीन दिसेना. मध्ये खांब होता.

मी डावीकडे वाकलो, उजवीकडे वाकलो. खांबच. त्या जागेवरून तिचं टेबल दिसतच नव्हतं. कधीच दिसत नसणार. पन्नास वर्षं मी जी थाप मारली ती उभ्या उभ्या खोटी ठरत होती, आणि हे कुणाच्या, माझ्यासुद्धा, लक्षात आलं नव्हतं.

पण मला तिचं तोंड बघायचंच होतं. मी दोन पावलं टाकली.

खांबाच्या पलीकडे गेलो आणि ती दिसली. निळ्या ड्रेसात, पाठ ताठ, हातात मेणखडू घट्ट धरलेला. तिने वर पाहिलं नाही. मी तिथेच उभा राहिलो, ती कधी वर बघते म्हणून. हातातली गन चालूच होती. किती वेळ गेला माहीत नाही. कॉलिनची किंकाळी ऐकू आली तेव्हा भानावर आलो.

"मिस्टर पुकेट, कोपरा."

मी खाली पाहिलं. मागचा कोपरा झक्क निळा झालेला. खाली एक ओघळसुद्धा आला होता.

"पहिल्या नंबरचं इंजिन," कॉलिन म्हणाला. बिचाऱ्याचा चेहरा पडला होता. "आता हेही त्या मधल्यांसारखंच झालं."

"कुठल्या मधल्यांसारखं?" हे मार्लीनने विचारलं. खालीच बघत.

"मी मिस्टर पुकेटना तेव्हाच विचारणार होतो. काही महिन्यांची इंजिनं अशी आहेत की त्यांचा कोपरा पूर्ण रंगवलेला. नंतर कुणीतरी रंग चढवला असणार, असं सगळे परीक्षक धरतात. पण असे अठ्ठावीस गाडीमालक आहेत, वेगवेगळ्या राज्यांतले, आणि सगळे शपथेवर सांगतात की हात लावलेला नाही. मला ते कोडं सुटलं नाही."

"कुठल्या महिन्यांची?"

"तेरा जानेवारी एकोणसत्तरपासून. वीस जूनपर्यंत. त्यानंतर पुन्हा कोरा."

मार्लीनच्या हातातला खडू खाली आला. "तेरा जानेवारी," ती म्हणाली. "सोमवार होता. माझा पहिला दिवस." थोडं थांबून म्हणाली, "आणि वीस जूननंतर मला वर ऑफिसात घेतलं."

मी आधी त्या खांबाकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे. पाच महिने, पाळीमागून पाळी, इंजिनामागून इंजिन, हा आळशी माणूस खांबाला वळसा घालून दोन पावलं जात होता, आणि त्याला स्वतःला पत्ता नव्हता. गन हातात असायची म्हणून कोपरा रंगायचा. मी बायकोला खोटं सांगितलं ते सांगितलं, पण खोटं सांगायची गरजच नव्हती, हे कळायलाही मला पन्नास वर्षं आणि दोनशे बारा इंजिनं लागली.

"मार्च," वेंडल पहिल्या रांगेतून उठून म्हणाला. त्याच्या शर्टावर मोहरी सांडली होती. "माझं मार्चचं आहे. मी सांगत होतो की नाही? सांगत होतो की नाही, लाइल?"

"सांगत होतास," मी म्हणालो. "चुकलो, बाबा."

मार्लीन उठली. मला वाटलं माझ्याकडे येतेय. ती माझ्या बाजूने सरळ पुढे गेली, स्टेजच्या पायऱ्या एक एक करून उतरली आणि वेंडलच्या गाडीपाशी पोचली. पर्समधून आरसा काढला. वेंडलने धावत जाऊन बॉनेट उघडलं. ती वाकली, आणि बराच वेळ वाकूनच राहिली. मी मागे जाऊन उभा राहिलो. पाठीला हात लावायचं धाडस होईना.

"इथेपण ओघळ आहे," ती आतूनच म्हणाली.

"असणार. लक्ष कुठे होतं माझं."

उठायला तिने माझा हात धरला.

गवत कापायचं यंत्र वेंडलने त्याच आठवड्यात परत केलं, पेट्रोल भरून. कॉलिनने पहिल्या नंबरचं इंजिन तसंच ठेवलं आणि पुस्तिका नव्याने छापायला टाकली. घरी मात्र मला महिनाभर कुणी सफरचंदाचा पाय भाजून दिला नाही, आणि ते रास्तच होतं.

मार्लीन अजूनही मेळ्यात आरसा घेऊन फिरते. कोऱ्या कोपऱ्यांजवळ ती आता थांबत नाही. रंगवलेला दिसला की थांबते आणि मालकाला म्हणते, हा माझा कोपरा. मालक गोंधळतो. म्हणतो, बाई, यात काय विशेष आहे, हा तर नीट रंगवलाय.

"तेच तर," ती म्हणते.